ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांचा आरोग्यविमा: हप्ता नंतर, आधी टॅक्स रिटर्न

प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा गेल्या महिन्यात ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला मुलाकडे आले. बाबा ६७ वर्षांचे, त्यांना रक्तदाब. आई ६३ वर्षांची, तिला मधुमेह. येताना घेतलेला व्हिजिटर इन्शुरन्स अजून चालू आहे. घरात नवरा-बायको आणि दोन मुलं, दोघांची मिळकत पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास. एकाने सांगितलं मेडिकेड, म्हणजे कमी मिळकतीच्या लोकांचा सरकारी विमा, फुकट मिळतं, दुसऱ्याने सांगितलं सरकारी मदतीला हात लावलात तर सिटिझनशिप अडेल, तिसरा म्हणाला पासष्टीच्या पुढे फक्त मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा. त्यात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मेहुण्याची नोकरी गेली आहे. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात तारखेपासून करा. आई-बाबा ज्या दिवशी इथे राहायला आले त्या दिवसापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. त्या मुदतीत राज्याच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा कंपन्यांचे प्लॅन मिळणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर (न्यू जर्सीत गेटकव्हर्डएनजे), विमा घेता येतो. ही मुदत हुकली तर मग थेट १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या ओपन एन्रोलमेंटची, म्हणजे वार्षिक नोंदणीची, वाट बघायची आणि विमा लागू होणार पुढच्या जानेवारीपासून. तुमचा एक महिना गेलेला आहे. विमा सहसा निवडल्यानंतरच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो, म्हणून या महिन्याच्या आत अर्ज करा. 'व्हिजिटर इन्शुरन्स संपेपर्यंत थांबू' हा विचार आत्ताच सोडा.

व्हिजिटर इन्शुरन्सबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण सर्वात जास्त नुकसान मी तिथे झालेलं पाहिलं आहे. तो प्रवासाचा विमा आहे. आधीपासून असलेले आजार त्यात धरत नाहीत. काही पॉलिसींत जुना आजार अचानक बळावला तर मर्यादित रक्कम देतात, पण आईच्या साखरेची नेहमीची तपासणी, औषधं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यातलं काहीच मिळत नाही. शिवाय आई-बाबा आता पाहुणे नाहीत, रहिवासी आहेत. न्यू जर्सीत २०१९ पासून रहिवाशांना पुरेसा आरोग्यविमा असणं बंधनकारक आहे. नसेल तर राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये दंड लागू शकतो, आणि व्हिजिटर पॉलिसी त्या हिशोबात धरली जात नाही.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले.

मेडिकेड, म्हणजे इथलं एनजे फॅमिलीकेअर, ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली पाच वर्षं बहुतेक प्रौढांना मिळत नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना वेगळे नियम आहेत, पण तुमच्या आई-बाबांना ते लागू नाहीत. मेडिकेअर बाबांना आज मिळणार नाही: इथे नोकरीची चाळीस तिमाही, म्हणजे दहा वर्षं, भरलेली नसतील तर ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यानंतर ते पैसे भरून घेता येतं. राहिला मार्केटप्लेस. तिथे पासष्टीच्या पुढच्या माणसालाही विमा घेता येतो आणि पात्र असेल तर सबसिडीही मिळते. हे इतक्या जणांना माहीत नसतं की बाबांच्या वयाची माणसं पाच वर्षं विम्याशिवाय काढतात. ६४ वर्षांनंतर वयामुळे हप्ता आणखी वाढत नाही, ६७ ला तोच दर लागतो.

सिटिझनशिपच्या भीतीबद्दल. 'पब्लिक चार्ज', म्हणजे माणूस सरकारवर भार होईल का, ही कसोटी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड देताना लावतात, नागरिकत्वाच्या अर्जाला नाही. मार्केटप्लेसची सबसिडी हे टॅक्स क्रेडिट आहे आणि २०२२ च्या नियमानुसार ती त्या कसोटीत धरत नाहीत. हा नियम बदलण्याचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने मांडला आहे, त्यामुळे ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून व्हायचा आहे त्यांनी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. ज्यांच्या हातात कार्ड आलं आहे त्यांनी या भीतीपायी विमा टाळू नये.

इतकं झालं की लोक लगेच प्लॅन बघायला घेतात. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे प्लॅनचे स्तर, कुठला स्वस्त, कुठला चांगला. मी त्यांना थांबवते आणि विचारते: आई-बाबांचा टॅक्स रिटर्न कोण भरणार? ओबामाकेअर म्हणतात तो कायदा २३ मार्च २०१० ला झाला, २०१४ पासून त्याचे मुख्य फायदे लागू झाले. आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही, हा त्याचा एक खांब. मिळकतीनुसार हप्त्यात मदत द्यायची, हा दुसरा. आणि ती मदत टॅक्स रिटर्नला बांधलेली आहे. घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं नव्हेत, एका रिटर्नवरची माणसं. तुम्ही एका घरात राहता, एका चुलीवर जेवता, तरी आई-बाबांचं 'घर' दोघांचं असू शकतं किंवा तुमच्यासकट सहा जणांचं. त्यावर सगळा हिशोब फिरतो.

बाबांना पेन्शन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

पहिली बाजू: आई-बाबांना स्वतःची मिळकत आहे आणि ते आपला वेगळा, दोघांचा मिळून एक (जॉइंट) रिटर्न भरतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रीन कार्डधारकाला जगभरातली मिळकत अमेरिकेत दाखवावी लागते. बँकेची पेन्शन, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, सगळं. बरीच कुटुंबं म्हणतात, 'तिकडचे पैसे तिकडे, इथे कशाला दाखवायचे?' आणि अर्जात मिळकत शून्य लिहितात. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं म्हणजे त्यात आई-बाबांचंच नुकसान आहे. २०२५ च्या अखेरपर्यंत, पाच वर्षांच्या अटीमुळे ज्यांना मेडिकेड मिळत नाही अशा कायदेशीर रहिवाशांना दारिद्र्यरेषेखाली मिळकत असली तरी मार्केटप्लेसची सबसिडी मिळायची. २०२५ च्या नव्या कायद्याने ती सवलत १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. आता दोन माणसांच्या घराला सबसिडीसाठी वर्षाला किमान २१,१५० डॉलर, म्हणजे दारिद्र्यरेषेइतकी, मिळकत दाखवता आली पाहिजे. शून्य लिहिलंत तर मदतही शून्य.

उदाहरण म्हणून धरा: बाबांची पेन्शन महिना ७५,००० रुपये, फ्लॅटचं खर्च वजा जाता भाडं ३०,००० रुपये, दोघांच्या ठेवींचं वर्षाचं व्याज ८ लाख १० हजार. डॉलर नव्वद रुपयांनी धरला तर वर्षाची मिळकत २३,००० डॉलर होते. या मिळकतीला २०२६ मध्ये, सबसिडीचा हिशोब ज्यावर करतात त्या ठरावीक रौप्य प्लॅनसाठी, दोघांनी मिळून मिळकतीच्या २.१० टक्के भरायचे, म्हणजे महिन्याला साधारण ४० डॉलर. बाकी सबसिडी. एरवी या वयाच्या दोघांचा हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. भारतातली मिळकत प्रामाणिकपणे दाखवल्याचा हा थेट फायदा. त्याबरोबर परदेशी खात्यांमध्ये मिळून कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा, हेही विसरू नका. पहिलं वर्ष जरा किचकट असतं, कारण ते वर्षाच्या मधेच रहिवासी झाले. पूर्ण वर्षाचे रहिवासी म्हणून जॉइंट रिटर्न भरायचा पर्याय घेतला नाही तर क्रेडिटच अडचणीत येऊ शकतं. दोन्ही देशांचे टॅक्स समजणाऱ्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, हा एक प्रश्न अर्ज करण्याआधी विचारा.

दुसरी बाजू: आई-बाबांना नावापुरतीच मिळकत आहे, प्रत्येकी वर्षाला पाच हजार डॉलरच्या जरा वर इतकी मर्यादा असते त्याच्या आत, आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलता. मग ते तुमच्या रिटर्नवर अवलंबित होतात, घर सहा जणांचं होतं आणि मिळकत तुमची मोजतात. तुम्हा चौघांना ऑफिसचा विमा असला तरी हरकत नाही. ऑफिसच्या प्लॅनमध्ये आई-बाबांना सहसा घेता येत नाही, म्हणून मार्केटप्लेसवर फक्त त्या दोघांचा विमा घ्यायचा.

२०२१ ते २०२५ मिळकतीची वरची मर्यादा काढलेली होती. ती सवलत संपली. २०२६ मध्ये सहा जणांच्या घराची मर्यादा १,७२,६०० डॉलर आहे. त्याच्या आत असाल तर तुम्ही जास्तीत जास्त मिळकतीच्या ९.९६ टक्के भरता आणि वरचं क्रेडिट मिळतं. एक डॉलर वर गेलात की केंद्राची सगळी मदत बंद. तुम्ही पावणेदोन लाख म्हणता, म्हणजे अगदी काठावर उभे आहात. समजा दोघांचा ठरावीक रौप्य प्लॅन महिना २,४०० डॉलरचा आहे, वर्षाचे २८,८००. मिळकत १,७२,००० असेल तर तुमचा वाटा १७,१०० च्या आसपास येतो आणि साडेअकरा हजारांहून जास्त क्रेडिट मिळतं. मिळकत १,७५,००० झाली की शून्य. इथे ४०१-के, म्हणजे ऑफिसमार्फतचं निवृत्तीचं खातं, कामाला येतो. ट्रॅडिशनल ४०१-के किंवा एचएसएमध्ये (वैद्यकीय खर्चासाठीच्या बचत खात्यात) भरलेली रक्कम या हिशोबातल्या मिळकतीतून वजा होते. तुम्ही दोघांनी वर्षभरात तीन-चार हजार डॉलर जास्त टाकले तर काठाच्या आत याल, आणि ते पैसे तुमच्याच निवृत्तीसाठी राहतील. रॉथ ४०१-केत कर भरून झालेले पैसे जातात, म्हणून तो मात्र या कामाचा नाही. न्यू जर्सीची स्वतःची वेगळी मदतही आहे, ती दारिद्र्यरेषेच्या सहापटीपर्यंत मिळते. रक्कम त्या मानाने लहान असते, पण त्यासाठीही अर्ज गेटकव्हर्डएनजेवरूनच करावा लागतो. बाहेरून थेट कंपनीकडून घेतलेल्या विम्याला दोन्ही मदती मिळत नाहीत.

या दोन बाजूंपैकी सोयीची वाटेल ती निवडता येत नाही. मिळकत आणि खर्च जसा आहे तसा, त्यावरून ठरतं. आणि अंदाज जपून लिहा: जास्त घेतलेलं क्रेडिट परत करताना पूर्वी कमी मिळकतीच्या घरांना एक मर्यादा होती. २०२६ च्या रिटर्नपासून ती गेली, आता जास्तीची पूर्ण रक्कम परत द्यावी लागते. पेन्शन वाढली, फ्लॅट विकला, तुम्हाला बोनस मिळाला, की मार्केटप्लेसच्या खात्यात लगेच नोंद करा.

आता प्लॅन. हे काम आई-बाबांना बाजूला बसवून करा. मुलं रात्री लॅपटॉपवर सगळं उरकतात आणि आईच्या हातात कार्ड देतात. मग तिला कशाचे पैसे पडतात हे ठाऊक नसतं म्हणून ती डॉक्टरकडे जायचंच टाळते. आपल्याकडे मेडिक्लेम म्हणजे ॲडमिट झालं तर उपयोगाचा कागद. इथला विमा साध्या खोकल्यापासून, रक्ततपासणीपासून, रोजच्या गोळीपासून उपयोगाचा आहे, हे पहिल्यांदा सांगावं लागतं. मागच्या हिवाळ्यात एका घरी साताऱ्याकडच्या काकूंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली. सहा महिन्यांचा साठा, पाकिटावर डॉक्टरांच्या अक्षरात 'स. १ रा. १'. त्या गोळ्या इथे भारतातल्या ब्रँडच्या नावाने सापडत नाहीत. आम्ही प्रत्येक पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचलं: ग्लायकोमेटचं मेटफॉर्मिन, टेल्माचं टेल्मिसार्टन. ती नावं कागदावर उतरवली आणि प्रत्येक प्लॅनच्या औषधांच्या यादीत शोधली. दोन्ही स्वस्त जेनेरिक निघाली. काकूंचा प्रश्न होता, 'मग इतका साठा कशाला आणला?' त्यांना पहिल्यांदा पटलं की महिन्याची गोळी इथेच, परवडेल अशा पैशांत मिळेल. तुमच्या आईचीही पिशवी अशीच काढा.

दर महिन्याचा हप्ता वेगळा. डिडक्टिबल म्हणजे वर्षाची जी पहिली रक्कम आपल्या खिशातून जाते ती. को-पे म्हणजे प्रत्येक भेटीचे ठरलेले पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा वर्षाच्या कमाल खर्चाचा: नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-दवाखान्यांच्या, उपचारांवर २०२६ मध्ये कुठलाही प्लॅन एका माणसाकडून १०,६०० डॉलरपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मिळकत दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असेल आणि रौप्य प्लॅन घेतला तर हीच मर्यादा ३,५०० च्या आत येते, डिडक्टिबलही खूप कमी होतं. ही जादा सवलत फक्त रौप्य प्लॅनला आहे. पहिल्या बाजूच्या उदाहरणातल्या आई-बाबांनी हप्ता शून्य दिसतो म्हणून कांस्य घेतला तर मधुमेहाच्या पहिल्याच वर्षात ते पस्तावतील. तुमच्या रिटर्नवर अवलंबित असतील तर मात्र ही सवलत लागू नाही, तिथे कांस्य आणि सुवर्ण दोन्ही मांडून बघा.

नेटवर्कची चौकशी करताना दवाखान्याला 'तुम्ही अमुक कंपनी घेता का' असं विचारू नका. एकाच कंपनीचे पाच-सहा प्लॅन असतात. प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि 'या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का' विचारा. वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्राम यांसारख्या प्रतिबंधक सेवांना नेटवर्कमध्ये पैसे पडत नाहीत. मोठ्यांचे दात या विम्यात सहसा येत नाहीत.

अर्जात हमखास दोन गोष्टी अडतात. आई-बाबांना इथे क्रेडिटचा इतिहास नसतो, त्यामुळे ऑनलाइन ओळख पटवायचे प्रश्न निघतच नाहीत किंवा चुकतात. घाबरू नका, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड अपलोड करून किंवा फोनवर ते काम होतं. दुसरं नावाचं. पासपोर्टवर आईच्या नावापुढे बाबांचं नाव, सोशल सिक्युरिटी कार्डवर ते गळलेलं, अर्जात तिसरंच काही. सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच लिहा. जुळलं नाही तर कागदपत्रं मागणारं पत्र येतं, त्यात मुदत दिलेली असते. ते जाहिरात समजून फेकलं की काही महिन्यांनी सबसिडी किंवा विमाच बंद होतो. आणि प्लॅन निवडला म्हणजे विमा झाला असं नाही; पहिला हप्ता भरल्यावरच तो लागू होतो. हे सगळं करून द्यायला नेमलेले नॅव्हिगेटर असतात, ते एक पैसाही घेत नाहीत. भाषेसाठी फोनवर दुभाषी मोफत मागता येतो.

मेहुण्याचं. त्याच्याकडे दोन वेगवेगळे साठ दिवस आहेत. एक इमिग्रेशनचे, नवी नोकरी शोधायचे. दुसरे विम्याचे: ऑफिसचा विमा ज्या दिवशी संपला तिथून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर प्लॅन घ्यायचा. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर कोब्रा या कायद्याने जुनाच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता अधिक दोन टक्क्यांपर्यंत वरखर्च त्याने भरायचा. कोब्राची एक सोय अडीअडचणीला उपयोगी आहे: तो निवडायलाही साठ दिवस असतात आणि निवडला की मागच्या तारखेपासून लागू होतो. घरात सगळे धडधाकट असतील आणि लवकर नोकरी लागायची शक्यता असेल तर या मुदतीत पंधरवडाभर निर्णय थांबवता येतो. मधे अपघात झाला तर कोब्रा घेऊन मागचे पैसे भरायचे. मार्केटप्लेसचा विमा मागच्या तारखेने मिळत नाही आणि त्याची साठ दिवसांची मुदत त्याच वेळी चालू असते, म्हणून दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायला सांगा. बायको गरोदर असेल किंवा कुणाचे उपचार चालू असतील तर एक दिवसही खंड पडू देऊ नका. २०२६ मध्ये एच-१बीवाल्याला मिळकतीनुसार सबसिडी मिळू शकते, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेले पैसे) आणि बेरोजगारी भत्ता दोन्ही मिळकतीत धरून. १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्यांची सबसिडी बंद होत आहे. पूर्ण पैसे भरून विमा घेता येईल. ग्रीन कार्डधारकांची सबसिडी चालू राहणार आहे, त्यामुळे ही बातमी ऐकून आई-बाबांचा विमा बंद करू नका.

राहिलं आई-बाबांचं भारतात जाणं-येणं. इथला विमा तिकडे चालत नाही, म्हणून तिकडचा मेडिक्लेम असेल तर त्याचं नूतनीकरण चुकवू नका. या वयात तो परत मिळणं कठीण आहे. दोन-तीन महिन्यांसाठी जाताना इथला विमाही रद्द करू नका, परत आल्यावर लगेच मिळेलच असं नाही. आणि ग्रीन कार्डवरची 'रेसिडेंट सिन्स' ही तारीख आत्ताच कुठेतरी टिपून ठेवा. सलग वास्तव्याची पाच वर्षं त्या सुमारास भरतील, तेव्हा मेडिकेअरसाठी सात महिन्यांची खिडकी उघडते. २०२६ च्या दराने मेडिकेअरच्या भाग 'ए'चे (रुग्णालयाचा विमा) महिना ५६५ आणि भाग 'बी'चे (डॉक्टरांचा विमा) २०२.९० डॉलर माणशी पडतात. त्या वेळी दोघांची मिळकत कमी असेल तर एनजे फॅमिलीकेअरचाही अर्ज करून बघा, तोवर पाच वर्षांची अट संपलेली असेल.